पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस काढला तरी परत येतोय, दुकानातून कायमचा कसा घालवायचा?

गोदाकाठ_झेरॉक्स (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. गंगाखेडला माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तीन मशीन आहेत. दोन विंडोज १० ची आणि एक जुनं विंडोज ७ चं. जुन्यावर पेजमेकर (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) चालतं. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, सोसायटीचे ठराव सगळं त्याच्यावरच होतं, म्हणून ते मशीन काढून टाकता येत नाही.

त्रास असा आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की आतल्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात, कोपऱ्यात बाण असलेले. काही पेनड्राइव्हात तर त्या पेनड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट असतो, बाकी सगळं रिकामं. डबल क्लिक केलं की फाइली उघडतात, त्यामुळं माणसाला वाटतं सगळं बरोबर आहे. मी अँटिव्हायरसनं स्कॅन मारतो, पेनड्राइव्ह साफ झाला असं येतं, आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या तरी पेनड्राइव्हात परत तेच.

कारखाने सुरू झाले की हे वाढतं. ऊस वाहणारी ट्रॅक्टरवाली पोरं गाणी भरून घ्यायला येतात, त्यांचे पेनड्राइव्ह गावोगावच्या दुकानांतून फिरून आलेले असतात. ट्रॅक्टरच्या टेपवर गाणी वाजत राहतात, म्हणून व्हायरस आहे हे त्यांना कळतच नाही. त्यांच्यामागं शाळेचे सर उभे असतात, त्यांच्यामागं ग्रामपंचायतीचा ऑपरेटर. सगळ्यांचे पेनड्राइव्ह त्याच एका पोर्टात.

मला खरी काळजी गिऱ्हाइकांची आहे. बी.एस्सी.ची एक मुलगी प्रोजेक्टच्या प्रिंट काढून गेली आणि नंतर तिचा फोन आला, "दादा, पेनड्राइव्ह रिकामा दिसायलाय, इथं म्हणतात फॉरमॅट मारावा लागेल." मी म्हणलं, बिलकुल फॉरमॅट करू नको, जशाच्या तसा घेऊन ये. तिच्या फाइली शाबूत निघाल्या. पण सगळेच काही फोन करत नाहीत. लोक आधार, सातबारा, बँकेचं पासबुक विश्वासानं माझ्या हातात देतात. त्यांच्या पेनड्राइव्हात माझ्या दुकानातून घाण जाऊ नये एवढंच मला पाहिजे. पैसे लागले तरी चालतील. फक्त "पेनड्राइव्ह घेणंच बंद करा" असं सांगू नका. प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप आहे हे मलाही माहीत आहे, पण खेड्यावरून शाळेचं दप्तर घेऊन आलेला माणूस पेनड्राइव्हच आणतो.

जालना_नेटकॅफे

तिन्ही मशीन फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका, चांगला पेड अँटिव्हायरस घ्या. विषय संपला.

लातूर_बेंचवाला

विषय संपत नाही भाऊ. आज तिन्ही मशीन कोरी केली आणि उद्या सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या शॉर्टकटवर कुणी डबल क्लिक केलं, की परत पहिले पाढे पंचावन्न. शिवाय फॉरमॅटमध्ये श्रीलिपीची मांडामांड, जुने फॉन्ट, वर्षानुवर्षांचे पत्रिकांचे नमुने जातील ते वेगळंच. मी लातूरला रिपेअरिंगच्या बेंचवर बसतो, हे पेनड्राइव्ह रोज हाताखालून जातात. आधी हा व्हायरस काय करतो ते बघा, म्हणजे तो कुठं अडवायचा ते कळेल.

तो तुमच्या फाइली पुसत नाही. खऱ्या फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही गुण लावतो, म्हणून ते एक्सप्लोररमध्ये दिसत नाहीत. त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' वाचा. तिथं फोल्डरचा पत्ता नसतो, तर सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल३२ या दुसऱ्या फाइली चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामला हाक मारलेली असते. म्हणजे तुमच्या एका डबल क्लिकमध्ये दोन कामं होतात: आधी लपवलेली स्क्रिप्ट (व्हायरसच्या हुकमांची फाइल) चालते, मग खरा फोल्डर उघडून दाखवला जातो. तुमच्या गिऱ्हाइकाला 'फाइली उघडतात की' असं वाटतं, ते त्यामुळंच. एकच शॉर्टकट असलेल्या प्रकारात तर सगळा माल एका बिननावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये हलवलेला असतो. नावाच्या जागी एक कोरं अक्षर असतं, त्यामुळं फोल्डर दिसायला लागला तरी त्याच्याखाली काही लिहिलेलं नसतं. असा बिननावाचा फोल्डर बघून कुणी कचरा म्हणून डिलीट करतं आणि खरा डेटा तिथं जातो. त्याला हात लावायचा नाही, आत जाऊन फाइली बाहेर काढायच्या.

आता तो परत का येतो. तुम्ही साफ करताय पेनड्राइव्ह, आणि व्हायरस बसलाय मशीनमध्ये. तो मेमरीत चालू असतो, नवा ड्राइव्ह लागला की लगेच त्यात उतरतो. म्हणून आधी मशीन, मग पेनड्राइव्ह. हा क्रम उलटा केला तर जन्मभर स्कॅन मारत बसाल.

मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये जा. तुम्ही काहीही चालवलेलं नसताना डब्ल्यूस्क्रिप्ट तिथं बसलेला दिसला तर चोर घरातच आहे. मग टास्क शेड्युलर बघा, स्टार्टअप फोल्डर बघा, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगचं कोठार) 'रन' नावाची की, म्हणजे नोंद, बघा. अर्थ नसलेल्या नावाची नोंद आणि तिचा पत्ता अ‍ॅपडेटा किंवा टेम्पमध्ये, असं काही दिसलं की तेच. मायक्रोसॉफ्टचंच सिसइंटर्नल्समधलं 'ऑटोरन्स' नावाचं फुकट साधन आहे, त्यात हे सगळं एका खिडकीत दिसतं. आणि एक जागा लोक बघतच नाहीत: डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या सेटिंगमधली 'एक्सक्लूजन'ची (तपासणीतून वगळायच्या जागांची) यादी. नव्यातले काही व्हायरस स्वतःचा फोल्डर त्या यादीत टाकतात, मग डिफेंडर तिकडं फिरकतच नाही. तुम्ही न टाकलेलं जे काही तिथं असेल ते काढा. त्यानंतर डिफेंडरमधलाच 'ऑफलाइन स्कॅन' लावा. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळं व्हायरसला स्वतःला वाचवायला सवड मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटांचं काम आहे.

जुन्या विंडोज ७ मध्ये ही सोय नाही. तिथं मी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडतो आणि तिथून स्कॅन करतो. एक अपवाद सांगून ठेवतो. स्कॅनमध्ये सॅलिटी किंवा रॅमनिट अशी नावं निघाली तर जालनावाले भाऊ म्हणतात ते खरं, तिथं फॉरमॅटच. ते प्रकार मशीनमधल्या ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींमध्ये स्वतःला घुसवतात, एकेक फाइल निवडून साफ करण्यात अर्थ नसतो.

मशीन साफ झालं की मग पेनड्राइव्ह. सीएमडी उघडायचं, ड्राइव्हचं अक्षर टाकून त्याच्यात जायचं, आणि गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो तसं सांगतो: अ‍ॅट्रिब, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस एस, स्पेस, मायनस आर, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, आणि एंटर. मोठा ड्राइव्ह असेल तर थोडं थांबावं लागतं. मग एक्सप्लोररमध्ये रिफ्रेश मारलं की फिकट झालेले फोल्डर एकेक करून गडद पिवळे होतात. माणसाचा चेहरा त्या वेळी बघावा. शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट तेवढ्या डिलीट करायच्या. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचा फोल्डर दिसेल, तो विंडोजचा आहे, असू द्या.

गुरुजी_अंबाजोगाई

बेंचवाल्या भाऊंनी मुळावरच बोट ठेवलं. मी शाळेची लॅब सांभाळतो, माझा अनुभव सांगतो. आमच्याकडं तर पेनड्राइव्ह म्हणजे शिक्षकांच्या खिशातला पेनच. केंद्रावर, तालुक्याला, घरी, शाळेत, सगळीकडं तोच.

दोन-चार जणांनी मशीन साफ ठेवून उपयोग नाही, पेनड्राइव्ह आत येतो ते दारच वेगळं पाहिजे. आम्ही भंगारात निघालेल्या एका मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. बाहेरून आलेला कुठलाही पेनड्राइव्ह आधी त्याच्यात लागतो, हा लॅबचा नियम. विंडोजचा शॉर्टकट तिथं चालत नाही, डब्ल्यूस्क्रिप्ट नावाचं काही तिथं नाहीच. आणि खरी मजा पुढं आहे: विंडोजनं लावलेला 'हिडन' गुण लिनक्स मानत नाही. त्यामुळं जे फोल्डर विंडोजवर गायब असतात ते तिथं लावल्या लावल्या उघडे दिसतात, कमांडसुद्धा लागत नाही. मुलांनाही मी हेच दाखवतो, एकच पेनड्राइव्ह दोन्ही मशीनला लावून. डोळ्यांनी बघितल्यावर त्यांना व्हायरसची भीती राहत नाही आणि फॉरमॅटची घाईही राहत नाही. मिंटला कमीत कमी दोन जीबी रॅम लागते, चार असेल तर बरं चालतं. विंडोज ७ च्या काळातलं मशीन पुरतं. हार्ड डिस्कवर टाकायचं नसेल तर पेनड्राइव्हवरून बूट करूनही चालवता येतं.

दुसरं म्हणजे नजर. एक्सप्लोररमध्ये 'डिटेल्स' व्ह्यू ठेवा. शॉर्टकटचं एक्स्टेन्शन विंडोज दाखवतच नाही, सगळी एक्स्टेन्शन दाखवा अशी सेटिंग केली तरी. पण 'टाइप'च्या रकान्यात 'शॉर्टकट' असं लिहिलेलं येतं. फोल्डरचं चित्र आणि टाइपमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन', असंही बघायला मिळतं. 'साइज'चा रकाना बघा: फोल्डरपुढं तिथं कधीच आकडा नसतो. पुढं केबी दिसले की तो फोल्डर नाही. काउंटरवरच्या पोराला एवढं एक शिकवलं तरी पुष्कळ झालं.

नांदेड_लॅब

कॉलेजच्या लॅबमध्ये सहायक आहे. वरचं सगळं पटलं, दोन गोष्टी जोडते.

पूर्वी पेनड्राइव्ह लावला की ऑटोरननं व्हायरस आपोआप चालायचा, २००८ साली आलेला कॉन्फिकर त्या वाटेनंही पसरला. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलेलं आलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपी आणि व्हिस्टासाठीही ते अपडेटमधून बंद केलं. म्हणून आताच्या व्हायरसला माणसाचा क्लिक लागतो, शॉर्टकटचं सोंग त्यासाठीच आहे. पण अपडेट न केलेल्या जुन्या विंडोज ७ वर निर्धास्त राहू नका दादा. २०१० मध्ये इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज बिघडवणारा स्टक्सनेट शॉर्टकटच्या आयकॉनमधूनच शिरायचा. फोल्डर उघडून आयकॉन नुसता दिसला तरी पुरे, क्लिकसुद्धा लागत नव्हता. ते भोक बुजवायला ऑगस्ट २०१० मध्ये अपडेट आलं, पण आपल्याकडच्या पत्रिकेच्या मशीनला अपडेट कुणी दिलेलं असतं?

दुसरी गोष्ट, "जुना व्हायरस आहे, काही करत नाही" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. बेंचवाल्या भाऊंनी सांगितलेला बिननावाच्या फोल्डरचा प्रकार गमारू नावाच्या व्हायरसचा, त्यालाच अँड्रोमेडा म्हणतात. त्याचं जाळं नोव्हेंबर २०१७ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडलं. तरी पेनड्राइव्ह फिरतच राहिले. पुढं त्याची मुदत संपलेली जुनी डोमेन नावं (व्हायरस जिथून हुकूम घेतो ते इंटरनेटवरचे पत्ते) दुसऱ्याच हॅकर गटानं नोंदवून घेतली आणि २०२२ मध्ये युक्रेनमधल्या तशाच जुन्या मशीनांत शिरकाव केला. मेलेला वाटणारा व्हायरस म्हणजे उघडं ठेवलेलं दार आहे. ज्या मशीनवर लोकांचे ओटीपी आणि बँकेची कामं होतात तिथं तो राहू देऊ नये.

फुकटात हवं असेल तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था चालवते, २०१७ पासून. तिथं बॉट (मशीनचा ताबा परक्याच्या हातात देणारे व्हायरस) काढायची साधनं मिळतात. त्याच वेळी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'यूएसबी प्रतिरोध' हे पेनड्राइव्हवर ताबा ठेवणारं सॉफ्टवेअरही आलं.

गोदाकाठ_झेरॉक्स (गंगाखेड)

सगळ्यांचे मनापासून आभार. बेंचवाल्या दादांनी सांगितलं तसंच निघालं. काउंटरवरच्या मशीनमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालू होता, टास्क शेड्युलरमध्ये नुसत्या अक्षरांची आणि आकड्यांची एक नोंद होती, आणि एक्सक्लूजनमध्ये अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता. स्कॅन साफ येत होतं ते त्यामुळंच. ती यादी मोकळी केल्यावर ऑफलाइन स्कॅननं भराभर पकडलं. दुसरं विंडोज १० चं मशीन साफ आहे.

गुरुजींची दाराची गोष्ट मला एकदम पटली. घरी जुनं मशीन पडलेलं आहे, त्याच्यावर मिंट टाकायलोय. पण तीन अडचणी आहेत. एक, माझा प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० आहे, तो लिनक्सवर धड चालत नाही असं ऐकलंय. दुसरी, गाणी भरायची तर पेनड्राइव्हवर लिहावंच लागतं. तिसरी, श्रीलिपीचं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्ली) यूएसबीत लावलेलं असतं, त्यामुळं पेजमेकरच्या मशीनचे यूएसबी पोर्ट बंद करता येत नाहीत.

लातूर_बेंचवाला

अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये! बरं झालं बघितलं. आता त्या मशीनवर बँकेचे, पोर्टलचे, मेलचे जे काही पासवर्ड टाकले असतील ते सगळे बदला, आणि ते साफ मशीनवरून बदला. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड पुसा. हे आजच करा, बाकी उद्या केलं तरी चालेल.

प्रिंटरचं खरं आहे. २९०० ला लिनक्सवर आणायचं म्हणजे डोकेदुखी, त्याच्या नादी लागू नका. मिंटच्या मशीनवरून प्रिंट काढायचीच नाही. तिथं पेनड्राइव्ह उघडायचा, लागणारी पीडीएफ, फोटो किंवा वर्डची फाइल तेवढी शेअर फोल्डरमध्ये (नेटवर्कवरून सगळ्या मशीनना दिसणाऱ्या) टाकायची, विंडोजवरून प्रिंट द्यायची. फोल्डरच्या फोल्डर ओढायचे नाहीत, नाहीतर सगळं मुसळ केरात. वर्डच्या फाइलनं वर पिवळी पट्टी दाखवून मॅक्रो (फाइलीतला छोटा प्रोग्राम) चालू करायला सांगितलं तर करू नका, प्रिंटला त्याची गरज नसते.

गाणी मिंटवरूनच भरा. गाण्यांचा फोल्डर त्या मशीनवर ठेवा, तिथून कॉपी करा. म्हणजे गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तुमच्या विंडोजला शिवतच नाही आणि तुमच्याकडून त्याच्यात काही जातही नाही. देताना 'सेफली रिमूव्ह' करून द्या. लिनक्स कॉपी संपली असं दाखवतं आणि मागं लिहीत असतं. घाईत ओढला तर गाणी अर्धी राहतात आणि पोरगं टेप वाजत नाही म्हणून परत येतं.

विंडोजच्या दोन्ही मशीनवर एक कुलूप लावा. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेएलएम (एचकी-लोकल-मशीन), सिस्टिम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल इथपर्यंत जा. तिथं स्टोरेज-डिव्हाइस-पॉलिसीज नावाची की बनवा, सगळे शब्द जोडून, मधे स्पेस किंवा डॅश नको. तिच्यात राइट-प्रोटेक्ट नावाचं डीवर्ड (आकड्याची नोंद), तेही जोडून, किंमत १. रिस्टार्ट केल्यावर त्या मशीनवरून कुठल्याही पेनड्राइव्हवर लिहिता येत नाही, वाचता मात्र येतं. चुकून कुणी गिऱ्हाइकाचा ड्राइव्ह तिथं लावलाच तरी तुमच्या दुकानातून त्याच्यात काही उतरत नाही. अ‍ॅडमिनचे हक्क मिळवलेला व्हायरस हे कुलूप उघडू शकतो, म्हणून रोजच्या कामाला साधा युजर वापरा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड काउंटरवरच्या पोराला देऊ नका.

पेजमेकरच्या मशीनचं असं करा. पोर्ट बंद करायची गरज नाही. त्याच रजिस्ट्रीत करंट-कंट्रोल-सेटखाली सर्व्हिसेसमध्ये यूएसबीस्टोर नावाची की आहे, तिच्यातल्या 'स्टार्ट'ची किंमत ३ असते, ती ४ करा. त्यानं फक्त पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क बंद होते. डोंगल, कीबोर्ड, माउस, प्रिंटर हे स्टोरेज म्हणून लागत नाहीत, ते चालू राहतात. पण हे करायच्या आधी पत्रिकांच्या नमुन्यांचा बॅकअप घ्या आणि तो बॅकअप दुसऱ्या साफ मशीनवर स्कॅन करा. त्या मशीनचं इंटरनेट काढून टाका, पेजमेकरला नेट लागत नाही. पत्रिकेचा मजकूर शेअर फोल्डरमधून घ्या. नमुना गिऱ्हाइकाला दाखवायचा तर पीडीएफ करून त्याच वाटेनं बाहेर आणा.

आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत. वर्षभराच्या जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, ती केली नसेल तर सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर बघा. मशीन विंडोज ११ ला पात्र असेल तर सीझन संपल्यावर करून टाका, ऐन गर्दीत नको.

गोदाकाठ_झेरॉक्स (गंगाखेड)

पासवर्ड बदलले दादा. यूएसबीस्टोरचं केलं, डोंगल चालू आहे, श्रीलिपी उघडलं. पेनड्राइव्ह लावून बघितला, काहीच दिसत नाही. राइट-प्रोटेक्ट पण चाललं, कॉपी करायला गेलं की 'डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे' असं येतंय. मिंट चालू झालं की काउंटरच्या काचेवर चिठ्ठी लावतो: पेनड्राइव्ह रिकामा दिसला तर फॉरमॅट करू नका, आमच्याकडं आणा, फाइली फुकट काढून देऊ.